‘मला बोट लागेल’

दिवाळी सरली की माझ्याकडे समुपदेशनाला दोन प्रकारची माणसं हमखास येतात. सणात भावाबहिणीशी बिनसलेली, आणि मुलांनी सहलीची तिकिटं काढून दिल्यामुळे झोप उडालेली. दुसऱ्या प्रकारच्यांना स्वतःचीच लाज वाटत असते. “लोकांना काय काय दुःखं असतात मॅडम, आणि मी फिरायला जायचं म्हणून रडतेय,” असं म्हणत पर्समधला रुमाल काढतात.

सुनंदाताई अशाच आल्या. (नाव बदललंय, काही तपशीलही. लिहायला त्यांची परवानगी आहे.) वय एकसष्ट, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त, राहायला ठाण्यात, कोपरीला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून ऐरोलीला नोकरी करणाऱ्या मुलानं आईबाबांसाठी जानेवारीतलं मुंबई–गोवा–मुंबई असं क्रूझचं बुकिंग केलं होतं. पैसे भरून झाले होते. यजमान खुशीत होते, नातेवाइकांना फोन करून सांगत सुटले होते. आणि या पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात बसत होत्या.

“मला गाडी लागते मॅडम. पोलादपूरच्या पुढे घाट आला की माझी पिशवी तयार. मग बोट लागणारच की. तीन दिवस ओकत काढायचे, यांचाही विरस करायचा. त्यापेक्षा नकोच.”

सोबत वही आणली होती. शाळेतली शिस्त, डाव्या बाजूला प्रश्न, उजवी बाजू उत्तरासाठी कोरी. एकतीस प्रश्न. जहाजावर डॉक्टर असतो का, इथपासून जेवायला काट्याचमच्यानंच बसावं लागतं का, इथपर्यंत.

अशी वही आली की मी आधी ती रिकामी करते. चिंतेवर बोलायला आलेल्या माणसाला बॅगेत काय भरायचं ते सांगणं काही समुपदेशकांना कमीपणाचं वाटतं. मला नाही वाटत. ज्या प्रश्नाला उत्तर आहे तो प्रश्न भावना म्हणून कुरवाळत बसलं तर माणूस आणखी घाबरतो. शिवाय मी स्वतः एकदा क्रूझला जाऊन आलेय आणि तिथे व्हायची ती फजिती करून घेतलीय. रक्तदाबाच्या गोळ्या मी मोठ्या बॅगेत ठेवल्या होत्या. मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात, चिठ्ठी लावतात, आणि त्या केबिनच्या दाराशी कधी येतील ते त्यांच्या सवडीवर. माझी आली संध्याकाळी सातनंतर. तोवर डेकवर नाच चालला होता आणि मी गोळीची वेळ मोजत बसले होते. म्हणून सुनंदाताईंना पहिलं वाक्य लिहायला लावलं ते हे: औषधं, मूळ आधार कार्ड, चष्मा आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत. देशातल्या देशात जाताना पासपोर्ट लागत नाही, पण तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत एक हवं. यांचं एकीकडे ‘सुनंदा’ आणि दुसरीकडे माहेरचं नाव होतं. तो प्रश्न वहीत नव्हताच.

मग बोट लागण्याचं. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तेव्हा मलाही तोच मूळ प्रश्न वाटत होता. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती म्हणते, आपण हलतोय. डोळे समोरची केबिनची स्थिर भिंत पाहतात आणि म्हणतात, छे, कुठे हलतोय. या भांडणात पोट ढवळतं. म्हणून मळमळलं की केबिनमध्ये जाऊन पडायचं नाही. उघड्या डेकवर यायचं आणि जिथे आभाळ पाण्याला टेकतं तिथे नजर लावायची. पुस्तक नको, मोबाइल तर नकोच. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि तडस लागेपर्यंत भरायचंही नाही. आल्याच्या वड्यांचा काही जणांना उपयोग होतो. अव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, ओकारी झाल्यावर ती पोटात राहतच नाही. तिनं झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. इथे यजमान, जे तोवर कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते, म्हणाले, “मला गोळी लिहू नका. मला काही होत नाही.”

केबिनबद्दल मात्र मी मुलाला फोन करायला सांगितलं. त्यानं प्रेमानं वरच्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची, बाल्कनीवाली केबिन घेतली होती. जत्रेतल्या होडीच्या पाळण्यात टोकाला बसलेले किंचाळतात आणि मधले गप्पा मारत असतात, तसंच जहाजाचं आहे. मधोमध आणि जमेल तितकं खाली, तिथे हेलकावा कमी. खिडकी असलेली तशी केबिन बाल्कनीपेक्षा स्वस्तही पडते. मुलगा जरा हिरमुसला. फोटो बाल्कनीतले येतात, खिडकीतले नाही. बदलून दिली, काही रक्कम कापून.

बाकीचे प्रश्न भराभर सुटले. साडी चालते, पण वाऱ्यावर पदर धरत बसावं लागतं, तेव्हा पिना भरपूर न्या किंवा सरळ पंजाबी ड्रेस घाला. आत एसी कडक, शाल हवी. ओल्या डेकवर घसरणार नाहीत अशा चपला. इस्त्री आणि पाणी तापवायची कॉइल काढून घेतात. घरचा शिजवलेला डबा नेऊ देत नाहीत (हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला, धपाटे करून न्यायचा बेत होता). जहाजावर सगळं केबिनच्या कार्डावर चालतं. खिशातून पैसे जात नाहीत म्हणून ते जातायत हेही कळत नाही. दारू, स्पा, इंटरनेट, सगळं शेवटच्या दिवशी बिलात दिसतं. डॉक्टर असतो, तोही फुकट नसतो, म्हणून प्रवासी विमा. गोव्यात उतरलात तर परत यायची वेळ लिहून ठेवा, जहाज कोणासाठी थांबत नाही. आणि धक्का सुटला की मोबाइल फ्लाइट मोडवर. किनारा दूर गेला की फोन जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं रोमिंग भलतंच महाग असतं.

जहाज सुटण्यापूर्वी होणाऱ्या कवायतीबद्दलही मी सांगितलं. सात लहान भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. पूर्वी ही कवायत प्रवास सुरू झाल्यावर चोवीस तासांत केली तरी चालायची. 2012 साली इटलीजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ ही क्रूझ खडकावर आपटली, त्यानंतर नियम कडक झाला. सुनंदाताईंनी लिहिणं थांबवून विचारलं, “म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं हे आधीच ठरलेलं असतं?” मी हो म्हटलं. पुन्हा दोन मिनिटांनी तोच प्रश्न, शब्द थोडे बदलून. मी पुन्हा हो म्हटलं आणि पुढे गेले.

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. उलट हुशारी करून गृहपाठ दिला: तलावपाळीला जाऊन बोटिंग करा. भीतीची एकेक पायरी चढवत न्यायची, ही आमची नेहमीची रीत.

पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, “गेले होते. नातीला घेऊन पायडलची बोट फिरवली. मजा आली. मॅडम, मला पाण्याची भीती नाहीये हो. मी अलिबागजवळच्या आवासची. पोहता येतं मला.”

वही भरली होती, एकतीसच्या एकतीस उत्तरं. आणि तरीही पहाटे तीनला जाग येतच होती.

मग मी विचारलं, आवासची माणसं मुंबईला लाँचनं ये-जा करतात. तुम्ही किती वेळा आलात तशा? बराच वेळ गेला. म्हणाल्या, “एकदाही नाही. आमच्या घरात बोटीत बसत नाहीत. आम्ही पेण-वडखळवरूनच यायचो. मांडव्याचं बंदर समोर असताना.”

रायगडातल्या जुन्या घरांत असं वाक्य आलं की पुढचं नाव बहुतेक ठरलेलं असतं. तरी मी ते उच्चारलं नाही. त्यांनीच उच्चारलं. “रामदास.”

17 जुलै 1947. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट. आषाढातली अवस तोंडावर आलेली, गिरणीतली, गोदीतली माणसं गावी निघालेली. वाटेत काशाच्या खडकाजवळ पावसानं आणि लाटांनी गाठलं, घाबरलेले लोक एका बाजूला धावले, बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला कळेपर्यंत दुपार उलटून गेली होती. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून मिळतील तेवढ्यांना वर काढलं.

सुनंदाताईंचे आजोबा त्या बोटीत होते. वडील तेव्हा नऊ वर्षांचे. रेवसच्या बंदरावर आजीचं बोट धरून उभे होते, कारण आजोबा येताना त्यांच्यासाठी पाटी आणणार होते. देह सापडला नाही. आजीनं बारा वर्षं कुंकू पुसलं नाही. आणि त्या मुलानं मोठं झाल्यावर घराला नियम घातला. लेकीच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, बापानं तिच्याकडून एकच कबूल करून घेतलं होतं. वडील दोन वर्षांपूर्वी वारले.

“बाबा असते तर मी त्यांना विचारलं असतं,” त्या म्हणाल्या. “आता कोणाला विचारू?”

मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. यजमानांना ‘सासऱ्यांची जुनी खोड’ एवढंच. बोट लागते म्हणणं सोपं होतं, त्यावर कोणी वाद घालत नाही.

आमच्या क्षेत्रात अविवेकी विचार शोधून त्याला प्रश्न विचारायची एक पद्धत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवली, आणि मी ती रोज वापरते. पण शोकाला प्रश्न विचारून चालत नाही. आजची जहाजं स्थिर ठेवणारे पंख, सगळ्यांना पुरून उरतील इतक्या जीवरक्षक होड्या आणि तराफे, मुंबईहून भर पावसाळ्यात क्रूझ सहसा सुटत नाही, हे सगळं खरं आहे आणि मी ते सांगितलंही. त्यांनी मान हलवली. मान हलवणं म्हणजे पटणं नव्हे, हे कळायला मला बरीच वर्षं लागलीत. मी एवढंच विचारलं, की बाबांनी कबूल करून घेतलं ते बोटीपासून दूर राहायचं, की त्यांना पुन्हा कोणाची वाट बघत बंदरावर उभं राहायला लागू नये, हे? त्या दिवशी उत्तर आलं नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांचा फोन आला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्याही नेणारी रो-रो बोट जाते तिनं जायचं त्यांनी ठरवलं होतं, मुलाला घेऊन, गाडीसकट. ही कल्पना माझी नव्हती. असती तरी मी सुचवली नसती, घाई वाटली असती मला. तासाभराचा प्रवास. धक्का तोच. बोटीत त्यांनी मुलाला सगळं सांगितलं. तो, त्यांच्याच शब्दांत, “पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून” ऐकत होता. मांडव्याहून गाडीनं रेवसला गेले. बंदरावर नारळ सोडला, दोन माणसांच्या नावानं. आजोबांच्या आणि बाबांच्या.

परतीला त्या रो-रोनंच आल्या का, हे मी विचारलं. आल्या. वरच्या डेकवर उभ्या राहून, गार वाऱ्यात, पदराला तीन पिना लावून.

पहाटेची जाग लगेच गेली असं नाही. डिसेंबरभर अधूनमधून यायची. फरक इतकाच की आता त्या यजमानांना उठवायच्या आणि दोघं चहा करून प्यायचे. या काळात त्यांनी वहीत आणखी एक प्रश्न लिहिला होता, बत्तिसावा: जहाजावरून समुद्रात फूल टाकलं तर चालतं का? मी सांगितलं, नाही, काहीही टाकायला बंदी असते. बरं, म्हणाल्या, रेवसला झालंय ते. फक्त खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचा दिवा कुठल्या बाजूला दिसेल तेवढं सांगा. दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तरी विचारलं.

जानेवारीत, जहाज गोव्याला लागल्यावर, व्हॉट्सअ‍ॅप आला:

“मॅडम, फोन बंद होता म्हणून आत्ता कळवते. कवायत झाली, माझी जागा मला पाठ आहे. काल रात्री दिवा दिसला, बराच वेळ उभी होते. जेवण बरं आहे, आमटीत गूळ नाही. बोट मला नाही लागली, ह्यांना लागली. तुमची ती गोळी आता घेतली तर चालेल का?”