पैशाचं नाव लिही

बेटा,

सलाम. परवा इशाच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर बसून तू जे बोललास ते अजून डोक्यातून जात नाही. वाळवंटी नदीचं पाणी साखळीत घरांत शिरलं, तुम्ही पोरांनी गुडघाभर चिखलातून तांदूळ, तेल, चादरी पोचवल्या. पाणी ओसरलं आणि जुम्याला, शुक्रवारच्या नमाजाला, एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "जकातीचे, धर्माने बंधनकारक केलेल्या दानाचे, पैसे हिंदूंच्या घरी कसे गेले?" तू तिथल्या तिथे ग्रूप सोडलास. आणि मला म्हणतोस, "चाचा, हेच ऐकायचं असेल तर पुढारपण कशाला?"

शेजाऱ्याला दिलंस ते बरोबरच केलंस, त्यावर मी शाई घालवणार नाही. एका भिंतीला दोन घरं असतात आपल्याकडे. पण मी तुला विचारलं, कुठले पैसे दिलेस? तेव्हा तू फोन पुढे केलास. "सगळं गुगल पेमध्ये आहे." काय आहे त्यात? कुणी पाठवले ते आहे. कशासाठी पाठवले ते आहे का? तुझ्या त्या एका खात्यात तुझा पगार आहे, मोटरसायकलचा हप्ता आहे आणि एखाद्या विधवेच्या हक्काची जकातही आहे. बाबा रे, हे खातं आहे की खिचडी?

कुराणातल्या सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितलेत, हे तुला मदरशात शिकवलंय. बहुतेक उलेमा, धर्माचे जाणकार, म्हणतात की जकात मुसलमान हक्कदारालाच जायला हवी. मशिदीचं छप्पर दुरुस्त करायलाही ती चालत नाही. सदका, लिल्लाह म्हणजे आपखुशीचं दान, त्यांना ती अट नाही, ते कुणाच्याही चुलीपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे त्या माणसाच्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर होतं: "त्या घरांना लिल्लाहमधून दिलं, हे बघा पान." तुझ्याकडे पान नव्हतं. म्हणून तुला राग आला. खरं बोलणाऱ्यालाही पान नसलं की रागच येतो, हे मी अनुभवाने सांगतोय.

२००३ ची बकरी ईद. तेव्हा कुर्बानीच्या कातड्यांना भाव होता. आता कित्येक ठिकाणी फुकटसुद्धा कुणी नेत नाही, तेव्हा मात्र त्यावर मदरशाचा बराच खर्च निघायचा. जमातीने ते काम माझ्यावर सोपवलं. डिचोलीपासून आजूबाजूच्या वाड्यांपर्यंत दोन दिवस पिकअपमधून फिरलो. कातडं वेळेत मिठात घातलं नाही तर केस सुटतात आणि व्यापारी निम्मा भाव करतो, म्हणून रात्री उभ्याउभ्या जाडं मीठ चोळत होतो. हाताच्या चिरांत ते मीठ असं झोंबायचं की घास तोंडात घालता येत नव्हता. मिठाच्या गोण्या, गाडीभाडं, पोरांचा चहा-पाव, काही माझ्या खिशातून, काही कातड्यांच्या पैशांतून. "उद्या लिहू" म्हणत राहिलो. चौथ्या दिवशी लिहायला बसलो तेव्हा १,८५० रुपयांचा मेळ लागेना.

जुम्यानंतर जमातीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाकीचे कुठं गेले?" मी कपाटाच्या किल्ल्या त्याच्यासमोर आपटल्या आणि निघून आलो. चार वर्षं कमिटीत पाऊल टाकलं नाही. एक पैसा खाल्ला नव्हता रे मी! आजही शपथेवर सांगेन. आणि त्याने बाजूला घेऊन विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, हेही अजून वाटतं. पण विचारायचा हक्क त्याला होता, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो गेला तेव्हा मी जनाजाला खांदा दिला. माफी मात्र मागायची राहून गेली.

हजरत उमरांची गोष्ट तू बयानात ऐकली असशील. लढाईत मिळालेलं कापड सगळ्यांना सारखं वाटलं, एका हिश्श्यात कुर्ता होत नाही, मग तुमच्या अंगावर पुरा कुर्ता कसा, असं एकाने भर मजलिसीत विचारलं. खलिफा होते ते. चिडले नाहीत. मुलाला उभं केलं, आणि मुलाने सांगितलं की माझा हिस्सा मी वडिलांना दिला. विचारणारा खाली बसला. आपण ही गोष्ट ऐकून डोळे पुसतो आणि घरी जाऊन पेट्रोलची पावती फेकून देतो.

म्हणून पैसा हातात आला की त्याच रात्री त्याचं नाव लिही. देणाऱ्याचं नाव नसलं तरी चालेल, पुष्कळांना ते नकोच असतं. पैशाचं नाव लिही: जकात, रमजान ईदचा फितरा, लिल्लाह, की नुसती पुराची मदत. देणाऱ्याने सांगितलं नसेल तर फोन करून विचार. लाजू नकोस. माझी वही मराठीत आहे, शाळा मराठी म्हणून. मौलाना साहेब हसायचे, म्हणायचे उर्दूत लिहा. मी म्हटलं, रकाने वेगळे असले म्हणजे झालं, आकडे कुठल्याही भाषेत खोटं बोलतात. खिशातून घातलेला रुपयाही लिही. तो लिहिला नाहीस तर एक दिवस तोच तुला "मी किती केलं" म्हणून दाखवायला लावेल. मला लावलंच ना? आताच चिरा आणि मीठ सांगून बसलो तुला.

कमिटीचा अध्यक्ष व्हायचं की नाही ते तुझं तू बघ. २०२१ च्या जुलैतल्या पुरात तुम्ही पोरं पहिल्यांदा धावलात तेव्हा अध्यक्ष कोण होता, आठवतंय का? फोटोंबद्दलही बोलणार होतो, चादर घेणाऱ्या बाईचा चेहरा स्टेटसवर ठेवलास ते मला अजिबात आवडलं नाही. ते समोर बसून बोलू.

रविवारी असरच्या नमाजानंतर घरी ये. पावत्या, स्क्रीनशॉट, दुकानदाराच्या चिठ्ठ्या, जे असेल ते पिशवीत कोंबून आण. ओलं झालेलंही आण, पंख्याखाली वाळवू. मी चार रकाने आखून ठेवतो. ज्या रकमेचं नाव लागणार नाही ती वेगळ्या पानावर लिहू आणि जुम्याला तूच उभा राहून वाचून दाखव. मी तुझ्या शेजारी उभा राहीन. म्हाताऱ्याच्या मुलाला त्या दिवशी मलाही दोन शब्द बोलायचे आहेत.

तुझा,
चाचा