रात्री ईटीपी बंद, तर संचालक म्हणून माझं काय?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमच्या कुटुंबाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. माझे आणि पत्नीचे मिळून 15 टक्के शेअर, बाकी दोन चुलतभावांचे. मी संचालक आहे, पण कारभार तेच पाहतात. वीजबिल वाचवायला रात्री ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) बंद ठेवून पाणी नाल्यात सोडतात. बोललो तर मोठे दादा म्हणतात, ‘कंपनी भागधारकांसाठी असते. गावासाठी आपण सीएसआर (नफ्यातून समाजकार्यावर करायचा खर्च) करतोच ना!’ गेल्या वर्षीचा नफा पाच कोटींवर गेल्याने सीएसआर लागू झालाय. आता ईटीपीची दुरुस्तीही त्यातच दाखवायची म्हणतात. राजीनामा देऊन मोकळा होऊ का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : एवढ्यात राजीनामा देऊ नका. दिलात तरी मोकळे होणार नाही. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 168 प्रमाणे तुमच्या कार्यकाळात घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही तुमच्यावर राहते. वर, बोर्डात नाही म्हणणारा एकटा माणूस उठून गेला की दादांना रान मोकळं.

दादांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. कलम 166(2) संचालकाला सर्व सभासदांचं (म्हणजे भागधारकांचं) हित पाहायला सांगतं, पण त्याच वाक्यात कर्मचारी, समाज आणि पर्यावरणाचं रक्षणही येतं. हे मोडल्यास एक ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. कंपनी म्हणजे भागधारकांची खासगी मालमत्ता, ही कल्पना सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या निकालात (1983) नाकारली आणि कंपनी गुंडाळण्याच्या खटल्यात कामगारांचं ऐकून घ्यायला लावलं. नागपूरकराला हे नवं वाटू नये. 1877 मध्ये सुरू झालेल्या आपल्या एम्प्रेस मिलने कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, तेव्हा तसा कायदाच नव्हता.

मात्र 166 वर फार भिस्त ठेवू नका. नाल्याकाठच्या शेतकऱ्याला या कलमाने थेट दावा लावता येईल, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. कायदा बोलतो मोठं, पण हातात काठी देत नाही, हे माझं स्पष्ट मत. तुमच्या बाबतीत खरा धाक आहे तो जलप्रदूषणाच्या 1974 च्या कायद्याचा. संचालकाची संमती किंवा हलगर्जी दिसली, तर तो स्वतः जबाबदार धरला जातो. तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही गप्प आहात, याला हलगर्जी म्हणायला वेळ लागत नाही.

सीएसआरचं उत्तर सरळ आहे : नाही. दुसऱ्या कायद्याने जे करणं बंधनकारकच आहे, त्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. नियमांतच तसं लिहिलं आहे. ईटीपी चालू ठेवणं ही तुमच्या कन्सेंटची (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीची) अट आहे. फक्त स्वतःच्या कामगारांसाठीचं आरोग्य शिबिरही त्यात बसत नाही. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के वेगळे काढावेच लागतील.

आता कामाचं. तोंडी बोलणं पुरे. दोन्ही भावांना आणि कंपनीच्या सीएसना (कंपनी सेक्रेटरींना) ईमेल करा : ‘रात्री ईटीपी बंद ठेवण्यास माझा विरोध आहे. तो तात्काळ पूर्णवेळ सुरू करावा. रात्रीच्या विजेच्या नोंदी आणि लॉगबुक पुढील बोर्ड मीटिंगमध्ये ठेवावे.’ मीटिंगमध्ये हेच बोला. विरोध करणाऱ्या संचालकाचं नाव इतिवृत्तात येणं कलम 118 नुसार आवश्यक आहे. कच्चं इतिवृत्त पंधरा दिवसांत तुमच्याकडे यायला हवं. त्यात नाव गाळलं असेल तर सात दिवसांत लेखी हरकत घ्या. ‘नंतर टाकू’ यावर विसंबू नका.

तरीही पाणी नाल्यात गेलंच, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयाला लेखी कळवा. घरात कडवटपणा येईल, ते मी नाकारत नाही.

शेवटचा मार्ग कलम 241 चा : गैरकारभाराबद्दल एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाकडे अर्ज. तिथे तुमचे शेअर भावांनी किंवा कंपनीने विकत घ्यावेत, असा आदेशही होऊ शकतो. भागभांडवलात दहा टक्के वाटा असला की अर्ज करता येतो. एकट्या तुमच्या नावावर तेवढे नसतील, तर पत्नीची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा.