एसएसआयएसमध्ये (डेटा एकीकडून दुसरीकडे नेणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) सोर्सच्या कॉलमची नावं बदलली, आता मॅपिंग (कोणता कॉलम कुठे जाणार ती जोडणी) परत एकेक करून करायचं का?

नाही, अजिबात नको. डेटा फ्लोमध्ये जो बाण लाल फुलीवाल्या कंपोनंटकडे जातोय त्यावर राइट क्लिक करा आणि रिझॉल्व्ह रेफरन्सेस उघडा, तिथे तुटलेले आणि नवे कॉलम समोरासमोर दिसतात, फक्त जोड्या लावायच्या. सगळं नव्याने हवं असेल तर डेस्टिनेशनच्या मॅपिंग्ज पानावर रिकाम्या जागी राइट क्लिक करून सगळी मॅपिंग सिलेक्ट करून डिलीट करा, मग मॅप आयटम्स बाय मॅचिंग नेम्स.

पण एक नक्की बघा, मध्ये डेटा कन्व्हर्जन (कॉलमचा डेटा टाइप बदलणारा कंपोनंट) असेल तर त्याचे कॉलम 'कॉपी ऑफ' नावाने येतात आणि नावावरून जोडताना टाइप न बदललेला मूळ कॉलमच पकडला जातो, मग युनिकोड आणि नॉन-युनिकोड टाइप जुळत नसल्याचा एरर परत येतो. ते कॉलम हातानेच जोडा.