दाढेची सुई श्वासनलिकेत: दाद नेमकी कशाबद्दल मागावी?

परभणी जिल्ह्यातील एका वाचकाच्या आईचे रूट कॅनाल सुरू असताना डॉक्टरांच्या हातातली बारीक सुई, म्हणजे फाइल, निसटून घशात गेली. जोराचा ठसका लागून थांबला, तेव्हा ‘पोटात गेली असेल, केळी खाऊ घाला, पडून जाईल’ असे सांगून त्यांना घरी पाठवण्यात आले. खोकला महिनाभर हटला नाही. अखेर छत्रपती संभाजीनगरला एक्स-रेमध्ये सुई उजव्या श्वासनलिकेत दिसली आणि दुर्बिणीने काढावी लागली. डॉक्टर आता संमतिपत्रावरील सही दाखवतात. पोलिसांत जावे का, असे वाचक विचारतात.

आपला संताप रास्त आहे, पण फौजदारी मार्गाने आपले काम होईल असे मला वाटत नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली स्पष्ट केले की, डॉक्टरला गुन्हेगार ठरवण्यासाठी हलगर्जीपणा अत्यंत ढोबळ असावा लागतो, आणि पोलिसांनीही आधी शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचे स्वतंत्र मत घ्यावे. चार माणसे घेऊन दवाखान्यात तर मुळीच जाऊ नका. तोडफोड झाली तर 2010 च्या राज्य कायद्याखाली अजामीनपात्र गुन्हा आपल्यावरच दाखल होईल.

आपला खरा मार्ग ग्राहक आयोगाचा आहे. सुई निसटणे हा एरवी सावध असणाऱ्या डॉक्टरच्या हातूनही घडू शकणारा अपघात आहे, असा बचाव घेतला जाईल. त्यावर रबर डॅम, म्हणजे दाताभोवती बसवायचा रबरी पडदा, लावला होता का, किंवा निदान सुईला दोरा बांधला होता का, हे विचारावेच. परंतु माझ्या मते आपली बाजू सर्वांत भक्कम आहे ती त्यानंतरच्या वागणुकीबाबत. गिळलेली वस्तू बहुधा शौचावाटे निघून जाते, हे खरे. पण ती अन्ननलिकेत गेली की श्वासनलिकेत, हे ठसका थांबल्यावरून कधीच ठरवता येत नाही, आणि धातूची सुई छातीच्या व पोटाच्या साध्या एक्स-रेत दिसते. तो एक्स-रे त्याच दिवशी काढायला न पाठवणे, हीच आपल्या तक्रारीची मुख्य बाब असावी. उपचाराला दिलेली संमती ही निष्काळजीपणाला दिलेली संमती नव्हे.

काढलेली सुई, दुर्बीण तपासणीचा अहवाल, दोन्ही दवाखान्यांची बिले आणि केसपेपर जपून ठेवा. सुई कोणाच्याही हाती देऊ नका. दंतवैद्याकडून उपचाराच्या संपूर्ण नोंदी लेखी अर्ज देऊन मागा व अर्जाची पोच घ्या. कित्येक गावांत सगळा उपचार एका चिठ्ठीवर उरकलेला असतो, आणि घटनेची नोंदच नसणे हेही आपल्या बाजूने बोलते.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे दवाखाना दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी आपल्याला परभणीचा आयोग चालेल. तक्रार आईंच्या नावे करावी. उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. व्यावसायिक शिस्तीची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे वेगळी करता येईल, मात्र भरपाई तिथे मिळत नाही.

आधी वकिलामार्फत नोटीस द्या. त्यावर डॉक्टरांनी तडजोडीचे पैसे देऊ केले, तर आईंची छाती पूर्ण बरी असल्याचे फुफ्फुसतज्ज्ञाने लिहून देईपर्यंत ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ अशा मजकुरावर सही करू नका.