प्रभागात चार नगरसेवक, मग काम नेमकं कुणाला सांगायचं?

तुम्ही लिहिलंय की गल्लीतलं पावसाळी चेंबर दरवर्षी तुंबतं, पाणी पार्किंगमध्ये शिरतं, आणि नगरसेवकाकडे गेलात तर "तो भाग माझ्याकडे येत नाही, ब गटाच्या मॅडमना भेटा" असं उत्तर मिळालं. हे आधी डोक्यातून काढून टाका. अ, ब, क, ड हे गट आरक्षणासाठी पाडलेत, त्यात एरिया वाटून दिलेला नाही. तुम्ही मतदानाला गेलात तेव्हा चार मतं दिलीत ना, मग चौघंही अख्ख्या प्रभागाचे नगरसेवक आहेत. त्यांनी आपापसात गल्ल्या वाटून घेतल्या असतील तर तो त्यांचा प्रश्न, कायद्यात तसलं काही नाही.

पुण्यात आता ४१ प्रभाग आणि १६५ जागा आहेत, ४० प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. मुंबईत २२७ वॉर्ड, प्रत्येकी एकच नगरसेवक. मला विचाराल तर एकच बरा, निदान कुणाला जाब विचारायचा ते लोकांना कळतं. त्यात आपल्याकडे मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, त्यामुळे लोकांची विचारायची सवयच गेली आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुमचं काम. मेन बिल्डिंगला जाऊ नका, तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात जा (आपण वॉर्ड ऑफिस म्हणतो तेच). अर्जात "पाणी तुंबतं, कृपया लक्ष द्यावे" एवढंच लिहून भागत नाही. चेंबर कुठल्या बिल्डिंगच्या गेटसमोर आहे, पाऊस थांबल्यावर पाणी किती वेळ उभं राहतं, झाकण उघडलं की गाळ कुठपर्यंत दिसतो, हे सगळं फोटोसकट लिहा, अर्ज आवकमध्ये द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या, पोच नसेल तर पुढे कुणी ओळख देत नाही. मग ज्युनियर इंजिनिअरला जागेवर बोलवा आणि सरळ विचारा की नुसती सफाई पुरेशी आहे की लाईनच लहान पडतेय. सफाई असेल तर ती तिथूनच होते. लाईन बदलायची असेल तर इस्टिमेट लागतं आणि बजेटमध्ये तरतूद लागते, आणि बहुतेक कामं याच पायरीवर अडकतात.

तरतूद नसेल तर तेव्हा नगरसेवक हवेत. चौघांच्या नावे एकच पत्र लिहा, खाली सोसायटीतल्या लोकांच्या सह्या, आणि प्रत्येकाला प्रत द्या म्हणजे "मला माहीत नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही. हे काम बजेटच्या 'स' यादीत (नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची यादी) घाला असं स्पष्ट मागा. आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी स्थायी समितीकडे जातं, तिथे १६ सदस्य असतात, मग मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, मंजूर होतं. तुम्ही जूनमध्ये धावाधाव करता पण त्या वर्षाच्या पैशांची वाटणी तेव्हा होऊन गेलेली असते, म्हणून पत्र दिवाळीच्या आसपासच गेलेलं बरं. शिवाय पुण्यात २००६ पासून नागरिकांना स्वतःही कामं सुचवता येतात, अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, ५ लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं, आणि चेंबर-जाळी-छोटी लाईन असल्या कामांना तो रस्ता चांगला आहे.

पैसे मंजूर झाले म्हणून गप्प बसू नका पण. वर्गीकरण करून ड्रेनेजचे पैसे दुसऱ्या कामाला वळवता येतात, ते रीतसर होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. फाईल बघायला माहिती अधिकाराचा अर्ज करून महिनाभर थांबायची गरज नाही, सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत असा राज्य सरकारचा २०१८ चा शासन निर्णय आहे. त्याची प्रिंट बरोबर न्या आणि तुमच्या कामाचं इस्टिमेट, टेंडर, वर्क ऑर्डर कुठवर आलंय ते तिथेच बसून उतरवून घ्या.