लातूरच्या काळ्या मातीत थंडीत फुलणारे कंद कसे लावावेत?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत: गेल्या थंडीत ट्यूलिपला नुसती पानं आली आणि ग्लॅडिओलसचे कंद जमिनीतच कुजले.

ट्यूलिपचा नाद सोडा. त्याचा फुलदांडा नीट वर यायला कंदाला सलग 12 ते 14 आठवडे 9 अंशांखालचा गारवा लागतो. आपल्याकडे पारा तेवढा उतरतो तो मोजक्याच रात्री, दुपारी पुन्हा ऊन असतंच. नार्सिसस या कंदफुलातल्या पेपरव्हाइट प्रकाराला अशा गारव्याची गरज नसते; हौस असेल तर तो कुंडीत लावा.

अंगणात ग्लॅडिओलसच लावा, पण सपाट वाफ्यात नको. काळी माती पाणी धरून ठेवते आणि कंद त्यातच गुदमरतो. 20 ते 25 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करा. वरच्या थरात दोन भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेणखत म्हणजे बुरशीला आवतण!

कंद 4 ते 5 सेंटिमीटर व्यासाचे, जाडजूड घ्या. चपटे आणि मोठे दिसतात ते बहुतेक जुने, थकलेले असतात. वरचं तपकिरी टरफल काढून बघा. डाग किंवा मऊ भाग दिसला तर तो कंद फेकून द्या. राहिलेले कंद लिटरला 2 ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात अर्धा तास बुडवून सावलीत निथळू द्या. हातमोजे घाला. डोळा वर ठेवून 5 ते 7 सेंटिमीटर खोल, 15 ते 20 सेंटिमीटर अंतरावर लावा.

लागवड परतीचा पाऊस सरल्यावर, वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली की. ऑक्टोबरच्या मध्यात लावलेल्या कंदांची फुलं साधारण संक्रांतीच्या आसपास मिळतात, जातीनुसार थोडं पुढे-मागे. सगळे एकदम न लावता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत लावा. डिसेंबर उलटल्यावर लावलेल्यांची फुलं मार्चच्या उन्हात सापडतात, पाकळ्या करपतात.

कोंब वर येईपर्यंत पाणी बेताचंच. तिसऱ्या पानापासून मात्र ताण पडू देऊ नका, कारण फुलदांडा आत तयार होतो तो याच काळात. तेव्हाच बुंध्याला मातीची भर द्या, नाहीतर दांडे आडवे होतात. पानांची टोकं जळत असतील तर बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे का ते तपासून घ्या. ग्लॅडिओलसला ते सोसत नाही. पानांवर चंदेरी चरे आणि कळ्या न उघडणं हे फुलकिड्यांचं काम.

खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की दांडा कापा, पण झाडावर चार पानं तरी राहू द्या, पुढच्या वर्षीचा कंद त्यांच्यावरच पोसतो. फुलांनंतर सहा ते आठ आठवड्यांनी, पानं पिवळी पडली की कंद काढा. खालचा सुकलेला जुना कंद तोडून टाका आणि नवे दोन-तीन आठवडे सावलीत वाळवा. नंतर जाळीच्या पिशवीत घरातल्या सगळ्यात गार, हवेशीर कोपऱ्यात टांगा. पत्र्याच्या खोलीत ठेवलेत तर मे महिन्यातच सुकून पोकळ होतील.