येशूवरची फिल्म आमच्या बोलीत डब करायची आहे, घरच्या माईकवर जमेल का?

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न असा आहे की नंदुरबारकडच्या तुमच्या भिली बोलीत येशूवरची फिल्म डब करून गावोगाव दाखवायची आहे, मंडळीतल्या एका पोराकडे लॅपटॉप आणि माईक आहे, तर परवानगी लागते का, पैसे कशात जातात, आणि एआयने परस्पर होत नाही का. मी नगरकडचा, मुंबईत डबिंगच्या साउंडमध्ये काम करतो, पोटापाण्यासाठी कार्टून आणि साउथचे पिक्चर, अधूनमधून मिशनवाल्यांची अशी कामं पण केलीत.

एआयचं आधी निकालात काढतो. हिंदी-मराठीत ते बऱ्यापैकी बोलतं, पण तुमच्या बोलीचं रेकॉर्डिंग त्याला फारसं मिळालेलं नसणार, तर अख्खी फिल्म त्याच्या भरवशावर कशी सोडणार? सोडा तो विषय.

फिल्म कुठली हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक १९७९ ची 'जीझस' डोक्यात असणार, ब्रायन डीकन येशू झालाय ती. ती २,००० च्या वर भाषांत डब झालीय, आणि त्याचं एक साधं कारण म्हणजे तिची स्क्रिप्ट बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानावरूनच (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांतलं एक) घेतलेली आहे, म्हणजे ज्या भाषेत लूक आधी भाषांतर झालाय तिथे अर्धी स्क्रिप्ट हातात असते. त्यामुळे माईक काढायच्या आधी या फिल्मवाल्यांच्या फुकटच्या ॲपवर शोधा, मावची, पावरी, देहवाली अशी सगळी नावं टाकून बघा, शेजारच्या बोलीतली मिळाली आणि तुमच्या म्हाताऱ्या माणसांना ती कळत असेल तर तुमचं वर्ष वाचलं.

काही जण 'दयासागर' म्हणतात, म्हणजे मूळ तेलुगू 'करुणामयुडू', १९७८ ची, विजयचंदर त्यात येशू आहे. आपल्याकडच्या खेड्यात ती फार चालली, माणसं आपल्यासारखी दिसतात, गाणी आहेत. पण डब करणाऱ्याला तीच गाणी रडवतात, चालीत बसवून गाणं पुन्हा लिहा, पुन्हा गाऊन घ्या, ते पहिल्या कामात अंगावर घेऊ नका.

घरच्या माईकवरच करायचं असेल तर माझं मत 'लुमो' नावाने निघालेल्या शुभवर्तमानाच्या फिल्म्सकडे जातं. मोरोक्कोत शूट केलेल्या आहेत, चारही शुभवर्तमानं, आणि त्यात नट अरामी भाषेत हळू आवाजात बोलत असतात आणि वरून निवेदक शास्त्रातलं वचन वाचतो, म्हणजे लिपसिंकची, ओठांशी आवाज जुळवायची भानगडच नाही, एक चांगला आवाज मिळाला की काम होतं. हां, पोरं जरा कंटाळतात, संवादवाल्या फिल्मची मजा त्याला नाही.

परवानगी लागतेच. 'आपण देवाचं काम करतोय' म्हणून कॉपीराइट कुठे जात नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तुमचा स्वार्थ असा की मालकाला पत्र लिहिलं तर एम अँड ई ट्रॅक मागता येतो, म्हणजे संवाद सोडून नुसतं म्युझिक आणि इफेक्ट. यूट्यूबवरून फिल्म उतरवली तर इंग्रजी आवाज म्युझिकमध्येच कालवलेला असतो, आवाज काढायला गेलात की समुद्र पण जातो, गर्दी पण जाते, आणि तुमचा माणूस विहिरीत बसून बोलल्यासारखा वाटतो. पब्लिक शो करायचा तर डब व्हर्जनला सेन्सॉरचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, तेही पत्रातच विचारून घ्या.

संवादवालीच करायची ठरली तर खरा वेळ स्क्रिप्टला द्या. लूकमधल्या जक्कयाचं घ्या, येशूला बघायला झाडावर चढलेला जकातदार. तो झाडावर बसलाय, येशू वर बघून म्हणतो, 'जक्कया, त्वरा करून खाली ये, कारण आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे.' समजा पडद्यावर चेहरा जवळून आहे आणि वाक्याच्या शेवटी ओठ मिटतात. आपलं 'आहे' तोंड उघडं ठेवून संपतं, लगेच डोळ्यात खुपतं. मग मराठीत आम्ही 'आज तुझ्याकडे मुक्काम' असं काहीतरी करू, म वर ओठ मिटतात, वाक्य पण आटोपशीर होतं. यावर कोणीतरी हमखास म्हणतं की वचनात तसं नाही. भांडण खरंच आहे, आणि दोघांचंही बरोबर असतं, म्हणून ओठांचा जाणकार आणि शास्त्राचा जाणकार एकाच टेबलावर बसवा, स्क्रिप्ट पास झाल्याशिवाय एकही लाइन रेकॉर्ड करू नका. जिथे नटाची पाठ आहे किंवा तो लांब आहे तिथे वचन जसंच्या तसं ठेवा, तिथे ओठ बघतंय कोण.

स्क्रिप्ट तपासायला दोन प्रकार करा. भाषांतरात नसलेल्या माणसाकडून ती बोलीतून परत मराठीत सांगून घ्या. आणि ज्यांनी ही गोष्ट कधी ऐकली नाही अशा चारपाच बायकांना वाचून दाखवा आणि विचारा, काय झालं, कोण कोणाला काय म्हणालं. मंडळीतल्या लोकांना विचारून उपयोग नाही, त्यांना उत्तरं आधीच पाठ असतात.

आवाजासाठी एकच विनंती, पाळकसाहेबांना येशू करू नका. रविवारचा संदेश दिल्यासारखं बोलतात, आणि गावात सगळे आवाज ओळखतात, पडद्यावर येशू आणि कानात पाळकसाहेब. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घाबरू नका, हेडफोनमध्ये एकेक तुकडा सांगायचा आणि त्यांनी तो म्हणायचा, माझ्या अनुभवात वाचणाऱ्यांपेक्षा ते जास्त खरं बोलतात. एडिटमध्ये तुकडे जोडता येतात.

पैसे माईकवर कमी आणि माणसांवर जास्त जातात, बुडालेला रोज, जेवण, येणं-जाणं. त्यापेक्षा तारखा महत्त्वाच्या. तुमच्याकडचे लोक दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात हे मी सांगायला नको, अर्धी फिल्म झाल्यावर येशूचाच आवाज ऊस तोडायला गेला तर पॅच, म्हणजे चुकलेल्या लाइनचं पुन्हा रेकॉर्डिंग, कोणाकडून घेणार? म्हणून मोठ्या भूमिका आधी संपवा, गर्दीचे आवाज शेवटी, ते कोणीही करतं.

खोलीत भिंतींना गाद्या लावा, पंखा बंद, फ्रीज बंद, शक्यतो रात्री करा. कोंबडा पेत्र येशूला नाकारतो त्या सीनला आरवला तर चालेल, गोष्टीतच तो आरवतो, बाकी कुठे नको. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर ठेवा आणि व्हिडिओचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, सुरुवातीलाच त्या पोराला तपासायला सांगा, २४ ची फाइल २५ वर उघडली की सुरुवातीला सगळं बरोबर दिसतं आणि शेवटी वधस्तंभापर्यंत येता येता ओठ आणि आवाज यांची पार फारकत झालेली असते.

मिक्स करताना म्युझिक हेडफोनवर बरं वाटतं त्याच्यापेक्षा खाली ठेवा, कारण तुमचा शो मैदानात मंडपवाल्याच्या स्पीकरवर होणार आहे आणि तिथे संवाद आधी बुडतात.